मांडव्याहून परतताना: २२ फुटी होडी, वाढता वारा आणि चुकीचं पुढचं शीड

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबई बंदरातलं आहे आणि मी त्या होडीवर होतो. मालकांच्या संमतीने लिहितोय. होडीचं नाव, क्लब आणि माणसांची नावं गाळली आहेत. मालक साठीतले, वीसेक वर्षं शिडावर काढलेले. त्यांना इथे मामा म्हणतो, कारण भाच्यामुळे सगळा क्लबच त्यांना मामा म्हणतो. भाचा चोविशीतला, शाळेत असताना लहान डिंगी चालवलेला, अंगाने चपळ. भाच्याच्या ऑफिसातली मैत्रीण पहिल्यांदाच शिडाच्या होडीत बसत होती. चौथा मी, शिडं सांभाळायला.

बंदरातला आमचा हंगाम पावसाळा सरला की ऑक्टोबरात सुरू होतो आणि मे महिन्यात संपतो. त्यातही फेब्रुवारी ते मे या काळातल्या दुपारी वेगळ्या. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात, ते इथे घड्याळ लावून बघता येतात. सकाळी जमिनीकडून येणारी झुळूक असते, दहा-अकराला ती मरते, थोडा वेळ पाणी तेलासारखं पडून राहतं आणि मग वायव्येकडून खारा वारा भरतो. तीन ते पाचच्या दरम्यान तो सर्वांत जोरात असतो. मार्चमध्ये सकाळी सहा नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) असलेला वारा दुपारी अठरा नॉट होणं हे वादळ नव्हे, रोजचं आहे.

दिवस धुळवडीचा. म्हणजे फाल्गुन वद्य प्रतिपदा, आदल्या दिवशीची पौर्णिमा, उधाणाची भरती. तिथीची पाऊणपट हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब लावला तर पूर्ण भरती पाऊण वाजता. भरती-ओहोटीच्या तक्त्यातही जवळपास तेवढीच होती. तिथून संध्याकाळी सातच्या सुमारापर्यंत ओहोटी. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो आणि एवढं पाणी सहा तासांत बंदराबाहेर निघतं, साधारण नैऋत्येकडे. खारा वारा आणि ओहोटी, दोन्ही ऐन दुपारी. हे आम्हाला सकाळी ठाऊक होतं, तक्ता मामांच्या खिशातच होता.

बेत साधा: अपोलो बंदराहून मांडवा, जेवण, परत. सरळ अंतर साडेसात सागरी मैल, दिशा दक्षिण-आग्नेय. म्हणजे जाताना वायव्येचा वारा जवळजवळ पाठीशी आणि येताना तोंडावर. सगळ्या गोष्टीचं मूळ या एका वाक्यात आहे.

होडी आणि शिडं

होडी फायबरची, २२ फुटी, खाली वजनदार फिन कील, म्हणजे होडी बाजूला घसरू नये म्हणून तळाला असलेलं उभं पातं. मागे कंसावर पाच अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन. एक डोलकाठी, तिच्या मागे बूमवर मोठं शीड, म्हणजे मेन, आणि पुढे एक शीड. मेन पूर्ण उघडी असताना ११ चौरस मीटर. तिच्यावर रीफच्या दोन ओळी होत्या. रीफ म्हणजे शीड थोडं खाली उतरवून खालचा पट्टा बूमला बांधून टाकायचा. पहिल्या रीफवर साडेआठ चौरस मीटर उरायचे, दुसऱ्यावर सहा.

पुढच्या शिडांत निवड होती. जेनोआ १४ चौरस मीटर, डोलकाठीच्या मागपर्यंत येणारी. जिब साडेआठ चौरस मीटर, डोलकाठीच्या पुढेच संपणारी. शिवाय वादळी हवेची इवलीशी जिब, तीन चौरस मीटर, तिची घडी विकत घेतल्यापासून मोडली नव्हती. ही शिडं गुंडाळी पद्धतीची नव्हती. पुढच्या तारेवर पितळी हुकांनी एकेक अडकवून लावायची. बदलायचं तर माणसाने नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, गुडघे टेकून बसायलाच हवं.

एक तपशील महत्त्वाचा. जेनोआ नऊ वर्षं वापरलेली. पॉलिएस्टरचं शीड उन्हाने आणि ओढीने सैल पडतं, त्याला पोट सुटतं. हलक्या वाऱ्यात ते पोट चालतं, उलट थोडी मदतच होते. जोराच्या वाऱ्यात मात्र पोट मागे सरकतं आणि शीड होडीला पुढे ओढण्याऐवजी आडवी पाडायला लागतं. जिब वापरलीच जात नसल्यामुळे कोरी, सपाट, कडक. होडीतलं सगळ्यात चांगलं शीड नाळेतल्या कप्प्यात तळाशी होतं, नांगराच्या दोरखंडाखाली.

पहिला निर्णय: सकाळी, मुरिंगवर

साडेदहाला, मुरिंगवर (होडी बांधून ठेवायची पाण्यातली कायमची जागा), वारा जेमतेम पाच नॉट. मोबाइलवरच्या अंदाजात दुपारी १२ ते १५ नॉट आणि झोत २० नॉट असं होतं. मामांनी विचारलं, "पुढे काय लावू या?" मी म्हणालो, "जेनोआच लावा मामा, नाहीतर मांडव्याला पोचेपर्यंत पुढची होळी येईल." सगळे हसले. जेनोआ लागली.

हा निर्णय त्या क्षणी चुकीचा नव्हता. चूक अशी की मी फक्त जाण्याच्या शिडाचा विचार केला. येताना लागणारी जिब तळातून काढून वर ठेवणं, तिचे हुक तारेच्या बुडाशी अडकवून तिला कठड्याला बांधून ठेवणं, हे पाच मिनिटांचं काम होतं. शांत पाण्यात, कॉफी पीत करता आलं असतं.

पावणेअकराला मुरिंग सोडली. तासाभराने वायव्येचा वारा भरला आणि होडी पळायला लागली. प्रवास सुरेख झाला. ऊन लागत होतं म्हणून भाच्याने शर्ट काढला, मैत्रिणीने टोपी काढून मांडीवर ठेवली. मांडवा जवळ आला तेव्हा मामांनी एका काडीत सिगारेट पेटवली आणि म्हणाले, "वारा आहे कुठे?"

वारा होता. पंधरा नॉट होता. आम्ही साडेपाच नॉटने त्याच्याच दिशेने पळत होतो म्हणून अंगाला साडेनऊच लागत होता. मी तेव्हा मागे वळून पाण्याकडे बघितलं असतं तर लाटांच्या माथ्यावरचा फेस दिसला असता. पाठीमागचं कोण बघतं?

इथे थोडा हिशेब. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. १० नॉटला एका चौरस मीटरवर साधारण दीड किलोचा रेटा येतो, २० नॉटला साडेसहा किलोचा. परतीच्या वेळी खरा वारा १८ होता आणि आम्ही त्याच्यावर चढत होतो, म्हणजे होडीचा वेग त्यात मिळवायचा. शिडाला लागणारा वारा २१ च्या आसपास. साडेनऊ आणि एकवीस. वेग दुपटीहून थोडा जास्त, दाब जवळजवळ पाचपट. शीड तेच.

अडचण

एकला मांडव्याच्या अलीकडे उथळ पाण्यात नांगर टाकला आणि छोट्या रबरी होडीने किनाऱ्यावर गेलो. धुळवडीची गर्दी, रंगलेली तोंडं, जेवण यायलाच पाऊण तास. सुरमई आली तेव्हा दोन वाजून गेले होते. दोन ते तीन कसे गेले ते कुणालाच सांगता येत नाही, पण हा निर्णय न घेता गेलेला तास मी निर्णयांतच धरतो.

तीनला परत आलो तेव्हा नांगरावर होडी मान झटकत होती. उत्तरेला, जिथून आलो होतो तिथे, पाणी पांढरं ठिपके-ठिपके. वाऱ्याचा जोर मोजायच्या ब्यूफोर्टच्या मोजपट्टीवर चौथा टप्पा ११ ते १६ नॉटचा, पाचवा १७ ते २१ चा. माथ्यावर फेस अधूनमधून दिसला तर चौथा, बहुतेक लाटांवर दिसला तर पाचवा. हा पाचवा होता. शिवाय बाहेरून, अरबी समुद्रातून आत येणारी लाट बाहेर निघालेल्या ओहोटीवर चढत होती. अशी लाट नुसती उंच होत नाही, आखूड आणि उभीही होते. २२ फुटी होडीला हीच लाट सगळ्यात वाईट. एकीवरून उतरेपर्यंत नाळ दुसरीत घुसते.

सूर्यास्त पावणेसातच्या सुमारास. होडीचे लाल-हिरवे दिवे आदल्या रविवारपासून कधी लागत, कधी नाही.

मांडव्याला तोललेले पर्याय

होडी तिथेच ठेवून लाँचने परत जायचं, हा एक. जागा वायव्येला उघडी होती आणि एका लहान नांगराच्या भरवशावर रात्रभर होडी सोडायला मामा तयार नव्हते. माणसं परत पाठवायची हा पोटपर्याय कुणी मांडलाच नाही. निदान मैत्रिणीला तरी विचारायला हवं होतं. ती हो म्हणाली असती असं तिनेच नंतर सांगितलं.

दुसरा, थांबायचं. खारा वारा संध्याकाळी पडतो, सातनंतर भरती लागते, पाणी आपल्या बाजूने वळतं. शिडाच्या दृष्टीने हाच उत्तम. पण मग मोठ्या जहाजांचा मार्ग अंधारात, बेभरवशाच्या दिव्यांवर ओलांडायचा. तो सोडला, आणि आजही सोडला असता.

तिसरा, इंजिन. लाटेवर होडीचं ढुंगण वर गेलं की पंखा हवेत फिरतो आणि इंजिन किंचाळतं. वर टाकी अर्धी. शेवटच्या मैलासाठी राखून ठेवायचं ठरलं, ते बरोबर ठरलं.

उरलं शिडांचं जोडकाम. मामांचं म्हणणं पडलं, "दोन रीफ आणि जिब." माझं म्हणणं, "एक रीफ पुरे, जेनोआ राहू दे. जिबवर लाटेत जोर पडणार नाही, अंधार होईल." भाचा म्हणाला, "मामा, जिब तर दोरखंडाखाली आहे. सगळा नांगर बाहेर काढावा लागेल." नांगर पाण्यात होता, त्याचा उरलेला दोरखंड कप्प्यात होता, आणि त्याखाली जिब. मामा गप्प बसले. त्यांनी मान्य केलं नाही, गप्प बसले. आम्ही ते मान्य केल्यासारखं घेतलं.

माझ्या म्हणण्यात थोडं तथ्य होतं म्हणूनच ते घातक होतं. आखूड लाटेत होडीला जोर लागतो हे खरं. फार कमी शीड लावलं तर प्रत्येक लाट तिला थांबवते. पण तो जोर सपाट शिडातून यायला हवा, पोट सुटलेल्यातून नव्हे. आणि शिडं कमी करताना पुढचं-मागचं प्रमाणही राखावं लागतं. मेन लहान केली आणि पुढचं शीड अवाढव्य ठेवलं तर रेट्याचं केंद्र पुढे सरकतं, होडी वाऱ्यावर नाक धरत नाही, टॅक घेताना, म्हणजे नाक वाऱ्यातून पलीकडच्या बाजूला वळवताना, फिरायला कुरकुरते. पुढचं शीड लहान केलं आणि मेन पूर्ण ठेवली तर उलट. होडी सारखी वाऱ्याकडे तोंड वळवते आणि सुकाणूचा दांडा हात उपटायला बघतो. रीफचे आकडे वेगवेगळे न बघता जोडीने बघायचे असतात. हे मी नवशिक्यांना शिकवतो. त्या दिवशी मलाच कुणी शिकवायला नव्हतं.

काय घडलं

तीन वाजून दहा मिनिटांनी, एक रीफ आणि पूर्ण जेनोआ घेऊन निघालो. पहिली दहा मिनिटं होडी मस्त चालली. मग पहिला मोठा झोत आला आणि वाऱ्याखालचा, म्हणजे वारा जातो त्या बाजूचा, कठडा पाण्यात गेला. जेनोआची खालची कड लाटा वेचायला लागली. दर लाटेगणिक बादलीभर पाणी शिडाच्या पोटात शिरे आणि धबधब्यासारखं सांडे. होडी ३५ अंशांवर कलली होती. एवढी कलली की खालचा कील पाण्याला धरत नाही, होडी पुढे जाते तितकीच बाजूला घसरते. वेगाचा काटा ४.६ दाखवत होता आणि आम्ही खूश होतो. काट्याला घसरण दिसत नाही.

मेन ढिली केली तर तिला जेनोआमागून सुटणारी हवा उलटी लागून ती फडफडायची. जेनोआ ढिली केली तर सगळी डोलकाठी थरथरायची. जेनोआचं हेच वाईट: भरलेली तरी असते नाहीतर बडवत तरी असते, मधलं काही नाही.

पहिली टॅक चुकली. नाक वाऱ्यात गेलं, जेनोआ डोलकाठीच्या तारांना घासत अडकली, एका लाटेने होडी जागेवर उभी केली आणि आम्ही उलटे सरकायला लागलो. दुसऱ्या प्रयत्नात फिरलो, पण जेनोआची दोरी विंचवर, म्हणजे हातरहाटावर, आत ओढायला मला आणि भाच्याला मिळून मिनिटभर लागलं. मैत्रीण मध्ये बसून कठड्याला घट्ट धरून होती, तोंडातून शब्द नाही.

तीन पन्नासला मामांनी मोबाइलवर बघितलं. चाळीस मिनिटांत, तीन मैलांहून जास्त पाणी कापून, आम्ही घराच्या दिशेने १.१ मैल पुढे आलो होतो.

दुसरा निर्णय: समुद्रात

आता तीनच गोष्टी करता येत होत्या. असंच रेटायचं, या गतीने साडेसातच्या पुढे पोचलो असतो, तेही सगळ्यांच्या अंगात त्राण उरलं असतं तर. मांडव्याला वळायचं, मैलभर अंतर, वारा पाठीशी, पंधरा मिनिटांत पोच. किंवा इथेच शिडं बदलायची.

मामा म्हणाले, "आता मी सांगतो ते करायचं. होडी उभी करू, जिब लावू, दुसरा रीफ घेऊ. वीस मिनिटं. जमलं नाही तर मांडवा." मर्यादा आखून दिली हे त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं काम, असं मला वाटतं. "बघू या कसं जमतं" असं म्हटलं असतं तर आम्ही अंधार पडेपर्यंत बघत बसलो असतो.

होडी उभी करणं, म्हणजे हीव्ह-टू, ज्यांनी केलेलं नाही त्यांना जादू वाटते. टॅक घ्यायची पण पुढच्या शिडाची दोरी सोडायची नाही. शीड उलट्या बाजूने भरतं आणि नाक ढकलायला बघतं. मेन ढिली ठेवून सुकाणूचा दांडा वाऱ्याखालच्या बाजूला दाबून बांधला की होडी नाक वर आणायला बघते. दोन्ही ओढाताणी एकमेकींना मारतात आणि होडी वाऱ्याला तिरकी, संथपणे वाहत राहते. आवाजच बदलतो. आम्ही ते केलं आणि मैत्रीण पहिल्यांदा बोलली: "वारा थांबला का?"

आधी दुसरा रीफ घेतला, होडी उभी असतानाच. जेनोआ उतरवायला लागलो की हा तोल मोडणार, हे ठाऊक होतं. भाच्याने लाइफ जॅकेटवर दोर बांधला, दुसरं टोक डोलकाठीच्या बुडाशी अडकवलं आणि तो पोटावर सरपटत नाळेकडे गेला. दोरखंड उपसून जिब काढायला सहा मिनिटं. मग मी हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, सोडली. जेनोआ निम्मी उतरली आणि तिची मागची बाजू सरळ पाण्यात गेली. पाणी भरलेलं शीड किती जड होतं ते ज्याने ओढलंय त्यालाच कळेल. तिची दोरी होडीखालून मागे निघाली, इंजिनाच्या पंख्यापासून हातभर अंतरावरून. इंजिन त्या वेळी चालू असतं तर हे प्रकरण वेगळ्या पद्धतीने लिहावं लागलं असतं.

मीही पुढे गेलो. दोघांनी मिळून जेनोआ वीतवीत आत ओढली आणि तिच्यावर बसलो, दुसरा मार्ग नव्हता. भाच्याने बोटं गारठल्यासारखी करत एकेक पितळी हुक काढला, जिबचा एकेक लावला. एक हुक उलटा लागला, तो पुन्हा काढला. त्यात त्याची तर्जनी हुक आणि तारेमध्ये चिमटली. सव्वाचारला जिब चढली. वीसची पंचवीस मिनिटं झाली होती. मामांनी आखलेली वेळ उलटली होती, पण जिबचे हुक लागलेले बघून ते थांबले. या पंचवीस मिनिटांत ओहोटी आणि वाऱ्याने आम्हाला पाऊण मैल दक्षिणेला नेलं. मांडव्याचा धक्का पुन्हा स्पष्ट दिसत होता.

परिणाम

दुसरा रीफ आणि जिब, मिळून साडेचौदा चौरस मीटर. निघताना होते साडेबावीस. एक तृतीयांशाहून जास्त शीड काढून टाकलं आणि वेगाचा काटा ४.६ वरून ४.३ वर आला, इतकंच. होडी १८ ते २० अंशांवर बसली, सुकाणू दोन बोटांवर आलं. कील पाणी धरू लागला, तसं नाकही वर आलं. जिबच्या दोरीची कप्पी आम्ही दोन भोकं मागे सरकवली, म्हणजे शिडाची वरची कड थोडी उघडली आणि झोताचा जोर वरून निघून जायला लागला. मेनची खालची कड आणि पुढची कड ताणून तिचं पोट काढून टाकलं.

मग ओहोटीही थोडी कामाला आली. उत्तरेकडे जाणारी टॅक, म्हणजे दोन वळणांमधली तिरकी धाव, आम्हाला उरणच्या बाजूला नेत होती, पण बाहेर निघालेलं पाणी सतत पश्चिमेला ढकलत होतं. होडी घसरत नव्हती म्हणून हा फायदा मिळाला. पुढचा दीड तास एकच लांब टॅक, मध्ये एक छोटी. तासाला घराच्या दिशेने पावणेतीन मैलांच्या आसपास. जेनोआवर तासाला दीडच्या थोडं वर पडत होते.

तिसरा निर्णय पावणेसहाला आला आणि तो कुणाच्या लक्षात राहणार नाही इतका साधा होता. वारा बारा नॉटच्या आसपास उतरला. भाचा म्हणाला, "मामा, एक रीफ सोडू?" मामांनी पश्चिमेकडे, मग घड्याळाकडे बघितलं आणि सोडू दिला. जेनोआ चढवायचं कुणी सुचवलं नाही. संक रॉकच्या दीपस्तंभाच्या पुढे इंजिन सुरू केलं आणि सातला पाच-सात मिनिटं कमी असताना मुरिंग पकडली. लाल दिवा लागला, हिरवा लागला नाही.

नुकसान: जेनोआची मागची कड हातभर फाटली, शिवायला साडेचार हजार रुपये. भाच्याचं नख काळं पडून महिन्याने गेलं. मैत्रीण दोनदा ओकली आणि पुढच्या महिन्यात पुन्हा आली, हे तिच्याबद्दल बरंच सांगतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, बेतच उलटा हवा होता. मार्चच्या दुपारी ज्या दिशेने वारा येणार त्या दिशेला सकाळी जावं आणि दुपारी त्याच्याबरोबर परत यावं. मांडवा हवाच असेल तर तिथून एकच्या आत निघावं. हे न पाळताही दिवस वाचवता आला असता, म्हणून पुढचं.

पाठीशी वारा असताना दर अर्ध्या तासाने होडी दोन मिनिटं वाऱ्यावर आणून बघायची. खर्च काही नाही. साडेबाराला आम्ही हे केलं असतं तर मामांची सिगारेट काडीसकट विझली असती आणि जिब त्या वेळीच वर आली असती.

मांडव्याच्या नांगरावर अर्धा तास घालवून जिब आणि दोन रीफ लावले असते तर पावणेचारला निघालो असतो. आम्ही घाईने तीन-दहाला निघालो आणि खऱ्या अर्थाने सव्वाचारला निघालो, तेही धक्क्याच्या जवळपास तिथूनच. वाचवायला गेलो अर्धा तास, घालवला तेवढाच आणि वर एक शीड.

जिब आणि एक रीफ पुरले असते का, यावर मामांचं आणि माझं अजून पटत नाही. सतरा चौरस मीटर. माझ्या मते सपाट जिबवर, चौघांचं वजन वरच्या कठड्यावर असताना, चाललं असतं. मामांचं म्हणणं, नवखी मुलगी वजन म्हणून मोजायची नसते. यात त्यांचं बरोबर आहे.

आणि ते गप्प बसणं. मालकाने "नाही" म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं. मी विचारलं असतं, "मामा, तुम्ही गप्प का?" तर त्यांनी सांगितलं असतं. दोघांनीही केलं नाही. भाच्याचं वाक्य, जिब दोरखंडाखाली आहे, हे शिडाबद्दलचं मतच नव्हतं. कप्प्याबद्दलची तक्रार होती. आम्ही ती मत म्हणून मोजली.

जुन्या अरबी गलबतांवर तिरप्या परबाणाचं (शीड ज्याला बांधतात त्या आडव्या काठीचं) शीड रीफ करता येत नसे, म्हणून वेगवेगळ्या मापांची शिडं बरोबर असत आणि हवा बिघडायच्या आत खलाशी अख्खं शीड बदलत. पुष्कळ माणसांचं ते काम. आमचं दोन माणसांचं होतं आणि तेही आम्ही टाळलं.

त्यानंतर

जिब आता कप्प्यात सगळ्यात वर असते. नांगराचा दोरखंड वेगळ्या प्लॅस्टिकच्या टोपलीत मागे गेला. जेनोआच्या पिशवीवर मामांनी जाड मार्करने "१२ पर्यंत" असं लिहिलं आहे आणि त्यांचा आकडा अंगाला लागणाऱ्या वाऱ्याचा आहे, अंदाजातल्या नव्हे.

पुढच्याच रविवारी मुरिंगवर मामा म्हणाले, "जिब." मी काही बोललो नाही. भाच्याने जिब लावली, मेनला एक रीफ घेतला. त्या दिवशी खारा वारा भरलाच नाही. चार वाजेपर्यंत सात-आठ नॉटच्या वर गेला नाही आणि आम्ही बंदरातल्या मिडल ग्राउंड बेटाच्या अलीकडेच रांगत राहिलो. भाऊच्या धक्क्याच्या लाँचवरच्या पोरांनी हात करून विचारलं, बंद पडली का? मामांनी हात हलवून नाही म्हटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लावा तुमची जेनोआ." सपाट पाण्यात, नाळेवर बसून, शीड बदलायला आम्हाला सहा मिनिटं लागली.